स्पॉकला आता निवृत्त होऊ द्या

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

"हे काही खरं स्टार ट्रेक नव्हे." 2017 पासून या मालिकेची जी जी नवी भावंडं आली, त्या प्रत्येकीच्या कपाळावर जुन्या चाहत्यांनी हा शिक्का मारला आहे. 'डिस्कव्हरी'वर मारला, 'पिकार्ड'वर मारला, 'लोअर डेक्स'ला तर कार्टून म्हणून दारातच अडवलं. 2026 च्या जानेवारीत 'स्टारफ्लीट अकॅडमी' सुरू झाली, तिच्यावर तर नुसती झलक पाहूनच शिक्का मारून मोकळे झाले. आमच्या नात्यात दोन भाचे आणि एक जावई या पंथाचे आहेत. शिवाय माझे चार-पाच जुने विद्यार्थी आहेत. सगळे शिकलेसवरलेले, एरवी समजूतदार. पण हा विषय निघाला की वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीबद्दल बोलावं तसे बोलतात.

आता माझंही या नव्या मालिकांशी भांडण आहे. पण ते यांच्या बरोबर उलट बाजूने आहे. हे म्हणतात, नव्या लोकांनी जुनं सोडलं म्हणून बिघडलं. मी म्हणते, नव्या लोकांना जुनं सोडवत नाही म्हणून बिघडलं. आणि ते सोडवत नाही याचं मोठं कारण म्हणजे हेच तक्रार करणारे चाहते. जरा कडू आहे, पण ऐकून घ्या.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही अशा आमच्या वहिनींसाठी आणि इतर नातेवाइकांसाठी दोन शब्द. स्टार ट्रेक ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. सप्टेंबर 1966 मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, 1969 मध्ये 79 भाग होऊन बंद पडली. जीन रॉडेनबेरी हे तिचे जनक. 'एंटरप्राइझ' नावाचं अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, तर्काने चालणारा, टोकदार कानांचा स्पॉक, सतत कुरकुरणारा डॉक्टर मकॉय. दर आठवड्याला नवा ग्रह आणि नवा पेच. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही लागायची. त्या मूळ मालिकेपासून आजवर चित्रपट आणि मालिका मिळून एवढं मोठं गोत झालं आहे की नुसत्या मालिकांचेच नऊशेहून जास्त भाग भरतात. आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, 1965 ची मिस इंडिया, तिने 1979 च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचा पूर्ण गोटा करून इलियाचं काम केलं होतं, हे आमच्या पिढीला अजून आठवत असेल.

तर आता मूळ मुद्दा. चाहत्यांच्या तक्रारी पुष्कळ असल्या तरी त्यांचे गठ्ठे तीनच होतात. जन्मभर पेपर तपासलेत, तेव्हा गठ्ठे करण्याची सवय जात नाही.

पहिला गठ्ठा दिसण्याचा. क्लिंगॉन असे दिसत नाहीत, गणवेश असे नव्हते, यान आतून एवढं अंधारं का, कर्कच्या आधीच्या काळातलं यान कर्कच्या यानापेक्षा चकचकीत कसं. याला मी फार किंमत देत नाही. 1966 च्या मालिकेत क्लिंगॉन म्हणजे काळपट रंग फासलेली, मिशा लावलेली माणसं होती. 1979 च्या चित्रपटात पैसा आला आणि त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळकट्या उगवल्या. तेव्हा चालल्या. नव्वदच्या दशकात त्याच वळकट्या 'अस्सल' झाल्या. 2017 मध्ये 'डिस्कव्हरी'ने त्यांचे केस काढले, चेहरे आणखी बदलले, तर केवढा हलकल्लोळ! मला स्वतःला ते चेहरे आवडले नाहीत, त्या जाड मुखवट्यांतून नटांना धड बोलताही येईना असं वाटायचं. पण मुखवटा न आवडणं वेगळं आणि धर्म बुडाला म्हणणं वेगळं.

दुसरा गठ्ठा म्हणजे खुर्चीवर कोण बसलंय याचा. हा जरा वास येणारा गठ्ठा आहे, पण उघडायला हवा. 'डिस्कव्हरी'ची नायिका मायकेल बर्नहॅम ही काळी स्त्री. तिच्या भोवती समलिंगी जोडपं आहे, अधिकाराच्या जागांवर पुष्कळ बायका आहेत. यावर ठरलेलं वाक्य येतं, "आता यात राजकारण घुसलं." आता? कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, 1966 मध्ये यानाच्या पुलावर उहुरा ही काळी अधिकारी बसवली होती. शेजारी जपानी वंशाचा सुलू, तोही दुसऱ्या महायुद्धाला जेमतेम वीस वर्षं होत असताना. 1967 मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, त्यात चेकॉव्ह नावाचा रशियन आणून बसवला. जानेवारी 1969 च्या एका भागात अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा अशी दोन माणसं आहेत. फरक एवढाच की एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी, आणि तेवढ्यावरून ते एकमेकांच्या जिवावर उठलेले. याहून ढळढळीत राजकारण काय असतं? उलट मला तर तो भाग फार उघडावाघडा वाटतो. पुढे 1993 मध्ये 'डीप स्पेस नाइन'मध्ये सिस्को हा काळा नायक आला, 1995 मध्ये 'व्हॉयेजर'वर कॅथरीन जेनवे ही स्त्री कप्तान आली. इतकंच काय, अगदी पहिल्या चाचणी भागात, जो वाहिनीने नाकारला, यानाची दुय्यम अधिकारी स्त्रीच होती. तेव्हा ज्यांना हे आज खुपतं त्यांनी स्टार ट्रेक बघितलं होतं, पण बहुधा आवाज बंद करून.

पण याचीही दुसरी बाजू आहे. 'डिस्कव्हरी' आवडली नाही असं कुणी म्हटलं की लगेच त्याला बाईद्वेष्टा ठरवायचं, ही सोयही मला मान्य नाही. वर्गात एखाद्या मुलाने धडा कंटाळवाणा आहे म्हटलं तर तो लेखकाच्या जातीविरुद्ध बोलतोय असं आपण धरत नाही. त्याला विचारतो, "कुठे कंटाळलास?" बऱ्याचदा त्याच्यापाशी उत्तर असतं.

ते उत्तर तिसऱ्या गठ्ठ्यात आहे, गोष्ट सांगण्याच्या रीतीच्या. इथे मात्र चाहत्यांचं म्हणणं मला पुष्कळ पटतं. 1987 ची 'नेक्स्ट जनरेशन' वर्षाला सव्वीस भाग करत असे. एका भागात एक गोष्ट संपायची. त्यामुळे एखादा भाग फसला तरी बिघडत नसे, आणि एखादा भाग नुसता एका यंत्रमानवाच्या मांजराभोवतीही फिरू शकत असे. 'डिस्कव्हरी'च्या पहिल्या हंगामात पंधरा भाग, शेवटच्यात दहा, आणि त्या सगळ्यांतून एकच लांबलचक संकट. तेही केवढं? दरवेळी सगळी आकाशगंगा किंवा सगळं जीवनच नष्ट होणार. रोज रोज जगबुडी आली की माणसाला भीती वाटेनाशी होते. आणि घाई! रडायलाही जेमतेम मिनिटभर, की पुन्हा धावपळ. यानातल्या पुलावर बसलेल्या अधिकाऱ्यांची नावं दोन हंगाम होऊनही मला पाठ झाली नव्हती, कारण त्यांना बोलायला वेळच मिळत नव्हता. ही तक्रार रास्त आहे आणि ती जरूर करावी.

पण मंडळी, गंमत अशी की चाहते तक्रार तिसऱ्या गठ्ठ्याची करतात आणि उपाय मागतात तो चौथाच. ते म्हणतात, "आमची माणसं परत आणा." आणि घोडं इथेच पेंड खातं.

जरा मागे जाऊ. 1987 मध्ये रॉडेनबेरींनी नवी मालिका काढली तेव्हा त्यांच्यापुढे सोपा रस्ता होता. कर्क, स्पॉक दोघेही हयात होते, लोकप्रिय होते, त्यांचे चित्रपट चालत होते. रॉडेनबेरींनी काय केलं? काळ सुमारे शंभर वर्षं पुढे नेला आणि सगळीच माणसं बदलली. कप्तान म्हणून एक टक्कल पडलेला, नावाने फ्रेंच आणि उच्चाराने इंग्रज असा गंभीर गृहस्थ, पिकार्ड. पुलावर एक क्लिंगॉन, म्हणजे कालचा शत्रू. कर्क नाही, स्पॉक नाही, म्हणजे स्टार ट्रेक नाही असं तेव्हाचे चाहतेही म्हणत होते, आणि पहिले दोन हंगाम पाहिले तर त्यांना अगदीच खोटं ठरवता येत नाही, इतके काही भाग ओबडधोबड आहेत. तिसऱ्या हंगामापासून मालिका उभी राहिली. पहिल्या भागात म्हातारा मकॉय काही मिनिटं दिसून गेला. स्पॉक यायला 1991 चा नोव्हेंबर उजाडला, आणि तोही दोन भागांपुरता. तोवर मालिका पाचव्या वर्षात होती आणि तिला त्याच्या खांद्याची गरज उरली नव्हती.

1993 च्या 'डीप स्पेस नाइन'ने तर यानच काढून घेतलं. एका जागी थांबलेलं अंतराळस्थानक, भोवती नुकताच परकीयांच्या ताब्यातून सुटलेला ग्रह, आणि त्या ग्रहाची धर्म, सूड, न्याय अशी ओझी. "प्रवासच नाही तर ट्रेक कसला?" असं तेव्हा म्हटलं गेलं. आज जुने चाहते नव्या मालिकांना ज्या फूटपट्टीने मोजतात ती फूटपट्टी याच दोन मालिकांची आहे. म्हणजे कालचा बाटगा आजचा शंकराचार्य झाला! आणि तो तसा झाला, कारण कुणीतरी चाहत्यांना न विचारता काही नवं करून पाहिलं होतं.

आता त्यानंतरचं बघा. 2001 मध्ये 'एंटरप्राइझ' आली ती कर्कच्याही शंभर वर्षं मागे गेली आणि 2005 मध्ये बंद पडली. 2009 च्या चित्रपटात पुन्हा कर्क आणि स्पॉक, नव्या नटांसह. 2013 च्या चित्रपटात पुन्हा खान. हा खान म्हणजे 1967 मध्ये आलेला खलनायक, पूर्ण नाव खान नूनियन सिंग, गोष्टीत शीख असावा असं सुचवलेला. तेव्हा ते काम मेक्सिकन नटाने केलं, 2013 मध्ये गोऱ्या इंग्रजाने केलं, पण सिंग काही कुणाला सापडला नाही. असो. 2017 मध्ये 'डिस्कव्हरी' आली, कर्कच्या दहा वर्षं आधीच्या काळात, आणि तिची नायिका कोण? स्पॉकच्या आईवडिलांनी वाढवलेली, त्याची मानलेली बहीण. स्पॉकला 1989 च्या चित्रपटात असाच एक सावत्र भाऊ अचानक उपटला होता. आता बहीण. एवढं नातं असून याने कधी कुणापाशी तिचा उल्लेख केला नव्हता! दुसऱ्या हंगामात स्पॉक स्वतः आला, त्याचं यान आलं, कप्तान पाइक आला. 2020 मध्ये 'पिकार्ड', त्यात मेलेल्या डेटाच्या कणापासून घडवलेल्या मुली. 2022 मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स', त्यात पुन्हा स्पॉक, पुन्हा उहुरा, थोड्याच वेळात कर्क, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून खानच्याच वंशातली एक मुलगी. एवढं अफाट विश्व, पण वावरतं त्यात एकच कुटुंब. आमच्या कोकणातल्या वाडीत तरी याहून जास्त आडनावं आहेत.

आणि टाळ्या कुठे पडल्या? 'पिकार्ड'च्या 2023 च्या तिसऱ्या हंगामाला. पहिल्या दोन हंगामांना नावं ठेवणारे माझे दोन्ही भाचे तेव्हा डोळे पुसत होते. काय होतं त्यात? 'नेक्स्ट जनरेशन'ची झाडून सगळी माणसं एकत्र आणली. जुनं यान संग्रहालयातून बाहेर काढलं, त्याचा पूल गालिच्यासकट जसाच्या तसा उभा केला. मेलेला डेटा पुन्हा जिवंत. शत्रू कोण, तर पुन्हा बोर्ग. पिकार्डला एक मुलगा निघाला, जॉर्डीला मुली. नटांनी कामं उत्तम केली, मलाही त्यांना बघून बरं वाटलं, आपल्याबरोबर म्हातारी झालेली माणसं बघून कुणाला बरं वाटणार नाही? पण त्या दहा भागांत नवा विचार कुठला होता, असा प्रश्न मी विचारला तेव्हा मोठा भाचा म्हणाला, "मावशी, तू ना उगाच प्रत्येक गोष्टीत बोधकथा शोधतेस." शोधते ना. या मालिकेने मला ती शोधायला शिकवलं. शिळ्या कढीला ऊत आणला म्हणून ती ताजी होत नाही, फक्त उतू जाते.

निर्माते धंदा करायला बसले आहेत. टाळी जिथे पडते तिथे ते जाणार. जुना चेहरा दिसला की टाळी आणि नवा चेहरा दिसला की शिव्या, असं तुम्हीच शिकवलंत तर ते काय शिकतील?

आणि नवं आलं तेव्हा काय झालं तेही सांगते. 'डिस्कव्हरी'ने तिसऱ्या हंगामात, 2020 मध्ये, नऊशेहून जास्त वर्षांची उडी मारली. बत्तिसावं शतक. स्पॉकचा काळ संपला, कुणाचीच वंशावळ तिथे उपयोगाची नाही. चौथ्या हंगामात, 2022 च्या वसंतात, त्या मालिकेने जे केलं ते मी भाषेची शिक्षिका म्हणून विसरणार नाही. आकाशगंगेच्या बाहेरून आलेलं एक यंत्र ग्रह उद्ध्वस्त करत सुटलं आहे. ते पाठवणारे जीव आपल्यासारखे मुळीच नाहीत, तोंड नाही, शब्द नाहीत. त्यांच्याशी बोलायचं कसं? यानातली मंडळी शोधून काढतात की हे जीव भावना रसायनांतून व्यक्त करतात आणि प्रकाशाचे आकृतिबंध त्याला जोडतात. मग गणितापासून सुरुवात करून, अक्षरश: बालवाडीपासून, दोघांमध्ये एक भाषा बांधली जाते. शेवटी कळतं की त्या जीवांच्या लेखी ते यंत्र म्हणजे नुसती खाणकामाची अवजारं होती. त्या ग्रहांवर कुणी राहतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि ते समजल्यावर ते थांबतात. एकही तोफ न डागता.

1991 च्या सप्टेंबरमध्ये 'नेक्स्ट जनरेशन'चा 'डार्मोक' हा भाग आला होता, तो जुन्या चाहत्यांना पाठ असतो. त्यातले लोक फक्त आपल्या पुराणकथांच्या संदर्भांत बोलतात. शब्द कळतात, अर्थ कळत नाही. आपण मराठीत "अगदी शकुनीमामा आहे" म्हटलं तर महाभारत न ऐकलेल्या परदेशी माणसाला काय बोध होईल, तसं. त्या लोकांचा कप्तान पिकार्डला एका संकटात ओढतो, कारण दोघांची मिळून एक गोष्ट झाल्याशिवाय भाषा होणार नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि त्यात तो आपला जीव देतो. दहावीला म्हणी आणि वाक्प्रचार शिकवताना मी हा भाग मुलांना किती वेळा सांगितला असेल. 2022 मधली ती रसायनांची भाषा म्हणजे 'डार्मोक'चीच लेक आहे. तिच्यात एकही जुनं पात्र नाही, पण घराणं तेच. आपल्याकडे गाण्यात म्हणतात ना, गुरूचं खाकरणं उचलतो तो नकलाकार, गुरूची विचार करायची रीत उचलतो तो शिष्य. पण तोवर "हे खरं स्टार ट्रेक नव्हे" म्हणत आमचे भाचे केव्हाच उठून गेले होते. धाकट्याने तो हंगाम आजतागायत पाहिलेला नाही, मत मात्र ठाम आहे.

आता मला कुणी विचारेल की 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' तर जुन्याच माणसांची आहे, आणि ती तुम्हालाही आवडते. आवडते, लपवत नाही. पण का आवडते ते बघा. तिने एका भागात एक गोष्ट ही जुनी रीत परत आणली. पहिल्या हंगामातला एक भाग आहे, तरंगती सुंदर नगरी, सगळे सुखी, आणि ते सगळं सुख एका लहान मुलाला यंत्राला जोडून छळण्यावर उभं. पाइकला ते थांबवता येत नाही. दुसऱ्या हंगामात, 2023 मध्ये, उना या दुय्यम अधिकाऱ्यावर खटला भरला जातो, कारण तिच्या जमातीत जन्माआधी शरीरात फेरफार करतात आणि फेडरेशनच्या कायद्याला ते मंजूर नाही. आदर्श राज्याचा कायदाच अन्याय करत असेल तर काय करायचं? हा भाग मी 1989 च्या 'द मेझर ऑफ अ मॅन'च्या शेजारी ठेवीन, ज्यात डेटा हा माणूस की मालमत्ता याचा खटला चालतो. आता ही उना कोण? त्या नाकारलेल्या चाचणी भागात दिसलेली, नावसुद्धा नसलेली अधिकारी. म्हणजे जवळजवळ कोरी पाटी. त्या मालिकेतले सगळ्यात चांगले भाग स्पॉकमुळे चांगले नाहीत, प्रश्नामुळे चांगले आहेत. तेच प्रश्न नव्या यानावर, नव्या माणसांना पडले असते तर काय बिघडलं असतं? एवढंच की तुम्ही बघितले नसतेत.

'लोअर डेक्स'चंही तसंच. 2020 ते 2024 पाच हंगाम चालली. जुन्या भागांचे विनोदी संदर्भ तिच्यात खच्चून भरलेत, पण तिचा जीव कशात आहे? तर यानातल्या सगळ्यात खालच्या अधिकाऱ्यांत, ज्यांची नावं कप्तानाला आठवत नाहीत. शाळेच्या कार्यालयात ज्यांनी काम केलंय त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल. मोठ्या लोकांच्या पराक्रमानंतर झाडझूड करणाऱ्यांची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती तिने सांगितली.

दुसरा आक्षेप असा की चाहत्यांनीच तर ही मालिका जगवली, मग त्यांना हक्क नाही का? खरं आहे. 1968 मध्ये मूळ मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, विद्यार्थ्यांनी वाहिनीच्या कचेरीवर मोर्चा नेला, आणि तिसरा हंगाम पदरात पाडून घेतला. त्या लोकांना माझा नमस्कार आहे. पण त्यांनी काय मागितलं? आणखी गोष्टी मागितल्या. त्याच गोष्टी पुन्हा मागितल्या नाहीत. उलट 1982 च्या चित्रपटात स्पॉक मरणार ही बातमी फुटली तेव्हाही चाहत्यांनी आरडाओरडा केला होता. निर्मात्यांनी ऐकलं नाही, स्पॉक मेला, आणि तोच चित्रपट आजही बहुतेक चाहते सर्वांत श्रेष्ठ मानतात. चाहत्यांनी मागितलेलं आणि चाहत्यांना शेवटी आवडलेलं यांत किती अंतर असतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. 1984 मध्ये तो परत जिवंत झाला ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून या विश्वात कुणाला नीट मरूही देत नाहीत.

हा वाद नुसता आवडीनिवडीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण यात नुकसान कुणाचं होतं ते सांगते. 2021 मध्ये 'प्रॉडिजी' नावाची मालिका आली, मुलांसाठी. तुरुंगातल्या ग्रहावर राबणारी निरनिराळ्या जमातींची पोरं, ज्यांनी स्टारफ्लीटचं नावही ऐकलेलं नाही, त्यांना एक सोडून दिलेलं यान सापडतं. बाहेरून, अगदी तळापासून, ते हे आदर्श शिकत जातात. ज्याला स्टार ट्रेकचं ओ की ठो ठाऊक नाही अशा माझ्या दहा वर्षांच्या नातवाला हीच दारातून आत घेऊन आली. मोठ्या चाहत्यांपैकी बहुतेकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. 2023 मध्ये तिच्या कंपनीने ती आपल्या मंचावरून काढूनच टाकली. तयार होत असलेला दुसरा हंगाम शेवटी 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. काही थोड्या चाहत्यांनी तिच्यासाठी आवाज उठवला, त्यांचं कौतुक. पण जुन्या पुलावरचा गालिचा बघून रडणाऱ्यांपैकी किती जण त्यांत होते?

आणि आता 'स्टारफ्लीट अकॅडमी'. तेच बत्तिसावं शतक, विद्यार्थ्यांची शाळा. माझ्या तर घरचाच विषय! तिथेही निर्मात्यांना धीर झाला नाही, 'व्हॉयेजर'वरचा जुना होलोग्रॅम डॉक्टर त्यांनी शिक्षक म्हणून आणून बसवला, जणू लग्नात मध्यस्थ म्हणून कुणीतरी ओळखीचा हवा. ती चांगली की वाईट हे ज्याने त्याने बघून ठरवावं. पण एकही भाग न बघता, मुलं फार बडबडतात, फार आजच्यासारखी बोलतात, असं म्हणणाऱ्यांना मी ओळखते. शिक्षकांच्या खोलीत पस्तीस वर्षं त्यांच्याबरोबर चहा घेतलाय. दर जूनला नवी तुकडी वर्गात येऊन बसायची आणि कुणीतरी म्हणायचंच, "मागची बॅच काय होती! ही म्हणजे…" ती मागची बॅच आली होती तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. वाईट इतकंच की मुलांना हे ऐकू जातं. आपण कितीही चांगले वागलो तरी गेलेल्यांच्या जागी आलो आहोत हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं, आणि मग त्यातली अर्धी जुन्यांची नक्कल करायला लागतात. नव्या मालिकांचं तेच झालंय.

मी सत्तरी ओलांडली आहे. जुनं आवडण्याचा हक्क मला कुणाहूनही जास्त आहे. पण या मालिकेचा सगळा डौलच मुळी 'जिथे अजून कुणी गेलं नाही तिथे जायचं' हा आहे. तिचे चाहतेच जर "जिथे आपण गेलो होतो तिथेच पुन्हा चला" म्हणायला लागले तर ते तिचे चाहते राहिले का, एवढं मला सांगा. त्यापेक्षा जुने भाग आहेतच ना, काढून बघा. कुणी पुसून टाकलेले नाहीत.

तेव्हा तक्रारी करा, पण कामाच्या करा. घाई फार होते म्हणा, भाग वाढवा म्हणा, दरवेळी जगबुडी नको म्हणा. प्रत्येक भाग संपल्यावर स्वत:ला एकच विचारा, याने मला कुठला प्रश्न दिला? प्रश्न मिळाला असेल तर कपाळावरच्या वळकट्या माफ करा. नसेल मिळाला तर पडद्यावर साक्षात कर्क उभा असला तरी टाळी वाजवू नका. आणि स्पॉकला आता निवृत्त होऊ द्या. मी झाले आहे, काही वाईट नसतं :-)

भाच्यांनो, रविवारी जेवायला या. वाद घालायचा असेल तर 'डिस्कव्हरी'चा चौथा हंगाम आधी बघून या, नाहीतर आमटी मिळेल, उत्तर मिळणार नाही.